पावसाळ्यात परड्यातली भाजी: कुजू न देता कशी घ्यायची

मे महिना संपायला आला की मला दोन-चार जणी तरी हमखास विचारतात, अगं तुझ्याकडे पावसात भाजी होते कशी, आमचं तर जुलैत सगळं कुजून जातं. होते, आणि भरपूर होते, चवथीला, म्हणजे गणपतीत, बाजारातून दोडका-पडवळ आणायची वेळ आमच्यावर क्वचितच येते. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे, की बाकीचे आठ महिने आपण झाडापर्यंत पाणी कसं पोचेल ते बघतो आणि या चार महिन्यांत झाडापासून पाणी लांब कसं जाईल ते बघायचं असतं. माझ्या सासूबाईंचं एकच वाक्य होतं, "आधी पाण्याक वाट दी, मगे बी लाय." लग्न होऊन इथे आले तेव्हा मला ते साधं वाटलं होतं, पण आता इतक्या वर्षांनी सांगते, पावसाळी बागेचं निम्म्याहून जास्त काम त्या पहिल्या अर्ध्या वाक्यात आहे.

आम्ही सावंतवाडी तालुक्यात राहतो, घराच्या मागल्या दारी दीड-एक गुंठ्याचं परडं आहे, जांभ्याची लाल माती, आणि पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर. म्हणजे मी जे सांगते ते धो-धो पावसाच्या भागाचं आहे. पुणे-साताऱ्याकडे किंवा नाशिककडे पाऊस बराच कमी, तिथे तुम्हाला यातलं सगळं करायची गरज नाही, पण गोव्यात, रायगडात, ठाणे-पालघरला, कोल्हापूरच्या पश्चिमेला जवळपास हेच चालेल.

आळं नाही, उंचवटा

उन्हाळ्यात आपण रोपाभोवती खोलगट आळं करतो ना, पाणी थांबावं म्हणून, पावसाळ्यात तेच आळं रोपाचं डबकं होतं. मुळांना हवा लागते, माती चार दिवस पाण्यानं भरलेली राहिली की मुळं गुदमरतात, मग काळी पडतात, आणि वरून वेल कोमेजलेला दिसतो म्हणून माणसांना वाटतं की पाणी कमी पडलं! म्हणून आळं उलटं करायचं, खड्ड्याच्या जागी ढीग.

सुरुवात पहिल्या वळवाच्या पावसात करा. पाऊस चालू असताना छत्री घेऊन परड्यात उभं राहायचं आणि पाणी कुठून येतंय, कुठे थांबतंय, कुठून बाहेर जातंय ते नुसतं बघायचं. छपराच्या पागोळ्या कुठे पडतात तेही बघा, कारण पागोळीखाली लावलेलं एकही रोप टिकत नाही, माती उडून मूळ उघडं पडतं. जिथे पाणी थांबतं तिथून उताराच्या दिशेनं वीतभर रुंद आणि वीतभर खोल चर काढायचा आणि तो कुंपणाबाहेर व्हाळाला म्हणजे ओढ्याला किंवा गटाराला सोडायचा. चर काढला की त्यातनं निघालेली माती फुकट मिळते, ती वाफ्यावर घाला.

वाफा तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधपर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. ओल्या मातीत पाय टाकला की ती घट्ट बसते आणि मग पाणी झिरपत नाही, हे मुलांना आणि घरी आलेल्या पाहुण्यांना पण सांगून ठेवावं लागतं. उंची निदान एक फूट. कडेला जांभ्याचे तुकडे, माडाचा जुना सोट, काहीही लावा, नाहीतर आषाढात वाफा वाहून जाऊन सपाट होतो. वेलांसाठी मी वाफे करत नाही, सुटे ढीग करते, दीड फूट उंच आणि अडीच-तीन फूट रुंद, दोन ढिगांमध्ये पाच फूट अंतर. खाली पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा, मग माती, मग दोन घमेली शेणखत, परत माती. ढीग पावसात बसतो, चांगला तिसरा हिस्सा खाली जातो, म्हणून करतानाच जरा जास्त उंच करायचा.

2025 ला काय झालं ते सांगते. दरवर्षी आमच्याकडे मृगाच्या आसपास म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो, त्या वर्षी 25 मेलाच मान्सून येऊन थडकला आणि त्याच्या आधीपासून पण पाऊस चालूच होता. माझे ढीग झालेच नव्हते. मी घाई केली आणि चिखलातच बिया टोचल्या, काकडी, दोडका, कारली, सगळं. पंधरा दिवसांत एकूण एक रोप गेलं. आणि त्याच वेळी गोठ्यामागच्या जुन्या उकिरड्यावर कुणीही न लावलेला भोपळ्याचा वेल आपोआप उगवून जोरात चालला होता, पाऊस तोच, माती तीच, फक्त तो तीन फूट उंचावर होता. तेव्हापासून मी ढिगांचं काम एप्रिल संपायच्या आत उरकते, पाऊस कधीही येऊ दे.

उजेडाचं पण बघा. जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, जो काय उजेड असतो तो झाडांना मिळायला हवा, म्हणून आंब्या-फणसाच्या परड्यावर आलेल्या फांद्या मेमध्येच उतरवून घ्यायच्या. शेवगा पण तेव्हाच छाटायचा, त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात मोडून वाफ्यावर पडतो, आणि छाटलेल्या शेवग्याला गोकुळाष्टमीपर्यंत असा कोवळा पाला येतो की आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर भाजीला तो घरचाच होतो.

माती आणि खत

आमची जांभ्याची माती आम्लधर्मी, पाऊस तिच्यातला चुना धुऊन नेतो, त्यामुळे भाजीला थोडा चुना द्यावा लागतो. एप्रिल-अखेरीला वाफ्यावर मूठभर चुन्याची पूड साधारण हातभर लांब-रुंद जागेला, आणि माती हलवून घ्यायची. शेणखत त्याच दिवशी घालू नका, चुना आणि शेण एकत्र आलं की शेणातला नत्र हवेत उडून जातो, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. घाटावर काळ्या मातीत मात्र चुना अजिबात टाकायचा नाही, तिथे तो आधीच भरपूर असतो.

शेणखत पूर्ण कुजलेलंच पाहिजे, हातात घेतलं की मातीसारखं भुसभुशीत, वास नसलेलं. कच्चं शेण घातलं की त्याच्याबरोबर हुमणी येते, पांढरी जाड अळी, ती खालून मुळं खाते आणि रोप का मेलं ते कळत पण नाही. आणि सगळं खत सुरुवातीलाच ओतायचं नाही, इतक्या पावसात ते धुऊन जातं. थोडं थोडं, दर पंधरा-वीस दिवसांनी ओंजळभर शेणखत बुंध्यापासून वीतभर लांब टाकायचं आणि वर माती लावायची. माती लावायचं काम पावसाळ्यात दोन-तीनदा करावंच लागतं, कारण मुळं उघडी पडतात. चुलीची राख असेल तर ती पण फुलं यायच्या सुमाराला द्या, तिच्यात पोटॅश असतं.

मधूनमधून मी जीवामृत देते. वीस लिटरच्या बादलीत किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, पाव किलोला थोडा कमी गूळ, तेवढंच बेसन आणि मोठ्या झाडाखालची मूठभर माती, सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दहापट पाण्यात घालून द्यायचं. पण उघडीप असेल त्याच दिवशी, भर पावसात दिलं तर ते व्हाळाला जातं.

बी कधी आणि कसं

आमच्याकडे जुनी माणसं नक्षत्रावर चालतात, रोहिणी 25 मेच्या आसपास लागते, मृग 7-8 जूनला, मग आर्द्रा, आणि जुलैत पुनर्वसू-पुष्य म्हणजे पाऊस नुसता कोसळत असतो. रोपाला पुनर्वसूच्या आधी अंगात जोर यायला हवा, तो आला तर पुढचा महिना ते काढतं. म्हणून मी वेलांचं बी 15 ते 20 मेच्या दरम्यान पडवीत लहान पिशव्यांमध्ये टाकते, मृगापर्यंत तीन-चार पानांची रोपं तयार असतात. नारळाच्या करवंट्या पण चालतात, खाली भोक पाडायचं, फक्त वेलवर्गीय रोपांना मूळ हललेलं आवडत नाही म्हणून मातीच्या गोळ्यासकट अलगद उचलून लावायचं.

कारल्याचं आणि पडवळाचं बी कडक असतं, ते 24 तास पाण्यात भिजवा, कारल्याच्या बीची टोकदार कड नेलकटरनं किंचित कापली तर अजून लवकर उगवतं. दोडका, काकडी, दुधी रात्रभर भिजवलं की पुरे. मग ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचं, मोड दिसला की पिशवीत बोटाच्या एका पेराएवढं खोल. लावायच्या आधी बी ट्रायकोडर्माच्या म्हणजे उपयोगी बुरशीच्या पावडरमध्ये घोळवून घेते, कृषी केंद्रात मिळते, त्यानं रोपं कोलमडायचं प्रमाण खूप कमी होतं. आणि पिशवीत पाणी जास्त घालू नका, पावसाळ्याच्या तोंडावर हवेतच इतका दमटपणा असतो की दिवसाआड शिंपडलं तरी चालतं.

बियाणं शक्यतो गावठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आलेलं घ्या, जे बी तुमच्या गावच्या पावसात दहा वर्षं तगलंय ते तगणारच. विकत घ्यायचं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या जाती आमच्या हवामानासाठीच काढलेल्या आहेत, कारल्यात कोकण तारा, दोडक्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता. भेंडीत परभणी क्रांती जुनी आहे पण हळद्या रोगाला दाद देत नाही म्हणून मला ती आवडते.

काय लावायचं, काय नाही

पावसाळा हा वेलांचा ऋतू. दोडका, पडवळ, कारली, दुधी, भोपळा, गावठी काकडी, तवसं म्हणजे मोठी जाड काकडी, चिबूड, लांब शेंगांची चवळी, मायाळू, हे सगळं आनंदानं येतं. भेंडी येते. लाल माठ उंच वाफ्यावर येतो. अळू तर न्हाणीच्या पाण्यावर एकदा लावला की विचारायलाच नको, परड्यात अळू ही एकच अशी भाजी की जिला साचलेलं पाणी चालतं, म्हणून चर काढूनही जो कोपरा ओलाच राहतो तो अळूला देऊन टाका. हळद आणि आलं मेमध्येच लावून घ्यायचं, दोन्हीला अर्धवट सावली चालते, नागपंचमीला पातोळ्यांना हळदीची पानं घरची होतात आणि तो वास बाजारातल्या शिळ्या पानांना नसतोच. सुरण, करांदे, कणगर हे कंद पण मेमध्ये पुरून विसरून जायचं, त्यांचं काम थंडीत.

टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, गवार यांच्या नादाला जून-जुलैत लागू नका. मला माहीत आहे की बाजारात टोमॅटो महागला की प्रत्येकाला वाटतं आपण लावूया, पण आमच्या भागात जुलैत बाहेर लावलेला टोमॅटो करप्यानं जातो, त्याचं रोप गणपतीनंतर करायचं. मेथी, पालक, कोथिंबीर उघड्यावर सडतात, त्या हव्याच असतील तर पडवीच्या कडेला, जिथे उजेड येतो पण थेंब पडत नाही अशा जागी क्रेटमध्ये घ्या. खरं म्हणजे पालेभाजीची गरजच पडत नाही, पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी सगळं आसपास उगवतं, ओळखता येत असेल तर तेवढे दोन महिने ते खा, ओळखता येत नसेल तर आधी जाणत्या बाईबरोबर जा, अंदाजानं खुडू नका.

मिरची आणि वांगी मी पिशव्यांमध्ये ठेवते आणि जोराचा पाऊस असला की छपराखाली ओढते. जमिनीत लावायची तर श्रावण उतरताना.

भेंडीचं बी थेट वाफ्यावर टोचायचं, दोन रोपांत एक फूट आणि दोन ओळींत दीड फूट, पावसाळ्यात जरा जास्तच अंतर ठेवलेलं बरं, हवा खेळली की रोग कमी. 45-50 दिवसांत भेंडी सुरू होते आणि मग एक दिवसाआड काढायलाच पाहिजे, एक जरी भेंडी झाडावर जून झाली तरी पुढच्या कमी येतात. पानाच्या शिरा पिवळ्या जाळीसारख्या दिसायला लागल्या तर तो हळद्या, पांढरी माशी तो पसरवते, त्याच्यावर औषध नाही, ते झाड उपटून लांब नेऊन जाळायचं, जीव अडकवायचा नाही.

मांडव

जमिनीवर सोडलेला वेल पावसाळ्यात कुजतो, फळाला चिखल लागला की सडतं, त्यामुळे भोपळा सोडून बाकी सगळं मांडवावर. भोपळ्याच्या प्रत्येक फळाखाली पण पेंढ्याची चुंबळ किंवा सपाट दगड सरकवायचा.

मांडव सहा फूट उंच करा, खालून वाकून न जाता भाजी काढता येईल इतका. माणग्याचे म्हणजे जाड बांबूचे खांब दोन फूट गाडायचे, गाडायचा भाग आधी चुलीत जरा जाळून काळा करून घेतला की वाळवी आणि कुजणं दोन्ही लांबतं. वर चिवारीच्या म्हणजे बारीक बांबूच्या काठ्या आडव्या-उभ्या आणि सुंभानं बांधलेल्या, नायलॉनची जाळी पण चालते पण हंगाम संपल्यावर वाळलेला वेल तिच्यातनं काढणं म्हणजे दिवसाचं काम. वारा आमच्याकडे पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं येतो, त्या बाजूच्या खांबांना तिरपा टेकू द्यायला विसरू नका, भरलेला मांडव ओला असताना किती जड होतो ते पडल्यावरच कळतं.

वेल मांडवाला पोचेपर्यंत एकच दांडा ठेवायचा, बाजूचे फुटवे काढत जायचे, म्हणजे खाली मोकळं राहतं. वर पोचला की शेंडा खुडायचा. यूट्यूबवर थ्रीजी कटिंग म्हणून जे दाखवतात ते हेच, फुटव्याचा फुटवा घ्यायचा, दुधीला आणि दोडक्याला बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात त्यामुळे फायदा होतो. पण पावसात सारखं कापू नका, प्रत्येक कापलेली जागा म्हणजे कुजायला दार, उघडीप बघून कोरड्या दिवशीच कापा.

पडवळ वाकडा व्हायला लागला तर शेंड्याला सुतळीनं लहान दगड बांधायचा, सरळ येतो. मुलांना हे काम फार आवडतं.

फुलं गळतात, फळ धरत नाही

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिले आठ-दहा दिवस येणारी फुलं बहुतेक नर असतात, ती गळणारच, त्याचं टेन्शन घेऊ नका. मादी फूल ओळखायचं म्हणजे फुलाच्या मागे देठापाशी इवलंसं फळ असतं, छोटा दोडका, छोटी काकडी. ते फळ पिवळं पडून गळलं तर परागीभवन झालं नाही. पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, आणि परागकण भिजले की निकामी होतात, मग काम आपल्याला करावं लागतं.

आणि इथे खरी मेख वेळेची आहे. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, भोपळ्याची तर पहाटेच, नऊ-दहा वाजेपर्यंत सगळं आटपतं. दोडक्याचं फूल मात्र संध्याकाळी पाचनंतर उमलतं, दुधीचं पण संध्याकाळी, आणि पडवळाचं पांढरं झालरीचं फूल तर दिवेलागणीनंतर, ते पतंगांसाठी असतं. सकाळी चहा घेऊन बागेत जाऊन दोडक्याची फुलं हाताळून काही उपयोग नाही, कितीतरी जणी हेच करत असतात. त्या त्या वेळी ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्ये हलक्या हातानं तीन-चारदा फिरवायचा, एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. पाऊस येण्यासारखा असेल तर त्या फुलावर कागदी कप उलटा अडकवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी काढून टाकायचा. दोन-तीन दिवसांत फळ फुगायला लागलं की समजायचं जमलं.

फळ धरलं आणि मग वाकडं होऊन, टोचल्यासारखा डाग पडून आतून सडलं तर ती फळमाशी. ती फळात अंडी घालते, आत अळ्या होतात. क्यू ल्युअरचा म्हणजे वासानं माश्या ओढून घेणारा सापळा कृषी केंद्रात मिळतो, वेलवर्गीय भाज्यांना क्यू ल्युअरच मागा, आंब्याला लावतात ते मिथाईल युजेनॉल वेगळं, ते इथे चालत नाही. सापळ्यात नर माश्या पडतात, त्यामुळे फुलं यायच्या सुमारालाच लावला पाहिजे, उशिरा लावून माश्या कमी होत नाहीत. शिवाय फळ बोटाएवढं झालं की कागदी पिशवी किंवा जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी घालायची. किडलेलं फळ खतात टाकू नका, अळी त्यातनं मातीत जाऊन कोष करते आणि परत माशी होऊन येते, ते उकळत्या पाण्यात बुडवायचं किंवा चुलीत.

गोगलगाय, केवडा आणि बाकी

गोगलगायी रात्रीत अख्खा वाफा साफ करतात. संध्याकाळी जुनी गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्यांच्या मधे टाकून ठेवायची, पहाटे उचलून खाली जमलेल्या सगळ्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत. हातमोजे घालून. हे आठ-दहा दिवस सलग केलं तरच फरक पडतो, एक दिवस करून सोडलं तर नाही. मीठ वाफ्यावर मात्र टाकू नका, मातीच बिघडते. जाड पातेरा बुंध्याशी घातला की गोगलगायींना आणि वाणीकिड्यांना घर मिळतं, त्यामुळे पावसाळ्यात आच्छादन पातळच, थेंबांनी माती पानावर उडू नये इतकंच. अगदी लहान रोपं असताना मी वाफ्यावर माडाची चुडतं म्हणजे झावळ्या आडव्या ठेवते, पावसाचा मार अडतो, रोपं वीतभर झाली की काढून टाकते.

काकडी-दोडक्याच्या पानावर पिवळे कोनाकोनाचे डाग आणि सकाळी पानाखाली राखाडी बुरशी दिसली तर तो केवडा. खालची रोगट पानं लगेच काढा, एकदम सगळी नाही, आणि ओल्या पानांना हात लावत एका वेलाकडून दुसऱ्याकडे जाऊ नका, आपणच तो वाहून नेतो. भाजी काढायची ती पण पानं जरा सुकल्यावर.

अळ्या-मावा-तुडतुड्यांसाठी निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडं रिठ्याचं पाणी, नाहीतर तेल पाण्यात मिसळत नाही आणि पानावर चिकटत पण नाही. उघडीप असेल त्या संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला. रात्री पाऊस पडला तर गेलं, परत मारायचं, पावसाळ्यात याला इलाज नाही. माकडांवर मला अजून खात्रीचा उपाय सापडलेला नाही, जाळी आणि कुत्रा, एवढंच.

एक मनापासून सांगते, पावसाळ्यात परड्यात अनवाणी जाऊ नका. फुरसं हा विषारी साप पातेऱ्यात आणि जांभ्याच्या गडग्यात म्हणजे दगडी कुंपणात असतो आणि तो मातीच्याच रंगाचा, पाय पडेपर्यंत दिसत नाही. गमबूट घाला, संध्याकाळी टॉर्च घ्या, पातेऱ्याच्या ढिगात हात घालायच्या आधी काठीनं हलवा. आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरूच नका, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातनं येतो, शेतातनं आल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि चिखलात काम केलं होतं हे सांगा.

मुंबईत खिडकीत लावणाऱ्यांसाठी

जमीन नसली तरी नियम तोच. ग्रो बॅगला खाली असतात त्याशिवाय बाजूला तळापासून दोन इंचावर चार-पाच भोकं अजून पाडा, बॅग थेट लादीवर न ठेवता विटांवर ठेवा आणि खालच्या थाळ्या चार महिने काढून टाका, थाळीत पाणी साचतं आणि डास पण होतात. नुसती लाल माती भरली तर ती विटेसारखी होते, एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग भाताचं तूस किंवा कोकोपीट असं भरा. खिडकीच्या ग्रिलवर कारलं, चवळी आणि मायाळू छान चढतात. भोपळ्याचा नाद नको, त्याला जागा पुरत नाही.

चवथीनंतर

मृगात लावलेली काकडी 45-50 दिवसांत, दोडका 50-60 दिवसांत, पडवळ दोन महिन्यांनी सुरू होतो, त्यामुळे श्रावणापासून पुढे परड्यात नुसती चंगळ असते. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधायला तवसं, दोडका, पडवळ, चिबूड घरचं असलं की जो आनंद होतो तो सांगता येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हातानं खणलेल्या परड्यातलंच खायचं, म्हणून अळू, माठ, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, कणीस सगळं एकत्र घालून ऋषीची भाजी. मी लावणी करताना जूनमध्येच ही भाजी डोळ्यांपुढे ठेवून लावते, काय किती हवं ते आपोआप ठरतं.

भाद्रपदात ऊन-पाऊस सुरू झाला की दुसरी खेप, परत एकदा काकडी, भेंडी, माठ, मुळा, आणि छपराखाली टोमॅटो-वांगी-मिरचीची रोपं टाकून ठेवायची, हस्ताचा पाऊस सरला की ती बाहेर जातात. पाऊस कमी झाल्यावर पानांवर पांढरी भुरी येते, तोवर जुने वेल थकलेलेच असतात, ते काढून टाका.

पण सगळे काढायच्या आधी प्रत्येक जातीच्या सर्वात चांगल्या वेलावरचं एक फळ बियाण्यासाठी सोडायचं. पहिल्या बहरातलं, सरळ, निरोगी, आणि त्याला लाल दोरा बांधून ठेवायचा नाहीतर घरातलं कुणीतरी भाजीला तोडतं. दोडका वेलावरच वाळू द्यायचा, हलवला की आत बिया खुळखुळतात. पडवळ पिकून केशरी होतो, त्याच्या बिया काढून धुऊन सावलीत सुकवायच्या. काकडीचं बी चिकट असतं, दोन दिवस पाण्यात ठेवून चोळून धुवायचं, तरंगतं ते टाकायचं, बुडतं ते ठेवायचं. मग चाळलेल्या कोरड्या राखेत घोळवून काचेच्या बाटलीत, वर जातीचं नाव आणि वर्ष लिहून. चूल असेल तर तिच्या वरच्या फळीवर ठेवा, धुरानं कीड लागत नाही. माझ्याकडच्या दोडक्याचं बी सासूबाईंच्या माहेरून, आजऱ्याहून आलेलं आहे, दरवर्षी त्यातल्या पंधरा-वीस बिया वाडीत वाटते, म्हणजे माझा वेल एखाद्या वर्षी गेला तरी कुणाच्या ना कुणाच्या मांडवावर तो असतोच.